पडद्याचं दुसरं टोक

१

सकाळी चुलीवर भात चढवला की उकळी येईपर्यंत मी पडद्यावरची धूळ झटकते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासूनचा हा नेम. शेळीच्या केसांचा रुंद कुंचला घ्यायचा आणि वरून खाली, एकेका पानावरून, अजिबात दाब न देता फिरवायचा. सासूबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "तान्ह्याच्या टाळूवरून हात फिरवतात ना, तसा." मला मूलबाळ झालं नाही, पण कुंचला अजून तसाच फिरवते.

आमचा धंदाच पडद्यांचा. घडीचे पडदे बांधायचे, जुने दुरुस्त करायचे. लाकडी जाळीवर कागदाचे थर चढवायचे, वर चित्र डकवायचं आणि पानाला पान जोडायचं, तेही कागदाच्याच बिजागरीनं. दुकानात लोकांचे सोनेरी पडदे येतात, लग्नाकार्याचे, करकोचे आणि बांबूवाले. घरातला मात्र हा एकच आमचा स्वतःचा. सहा पानं आणि नुसती काळी शाई. लव्हाळ्याची दलदल आणि तिच्यात उतरलेले जाड मानेचे रानहंस. कोणी चिखलात चोच खुपसलेली, कोणी मान उंच करून बघतोय, आणि चौथ्या पानावर लव्हाळ्याच्या बुडाशी एक जण पंखात डोकं घालून ढाराढूर झोपलेला.

त्या झोपलेल्याला घरात त्सुनेओ म्हणत. ते माझ्या नवऱ्याचं नाव. सकाळी हाका मारून घसा सुकला की मामंजी, म्हणजे माझे सासरे, पडद्याकडे बोट दाखवायचे. "एक हा आणि एक तो. थंडी संपल्याशिवाय दोघंही उठायचे नाहीत."

मामंजी वारले आणि त्याच वर्षी ह्यांना लढाईवर नेलं. लढाई संपली. गल्लीतले बाकीचे परत आले, काहींच्या अस्थी आल्या. ह्यांचं काहीच आलं नाही. रशियनांनी सैबेरियात कैदेत नेलं, एवढं एकाने सांगितलं, त्यालाही आता आठ हिवाळे झाले होते. आमच्या घरामागच्या दलदलीत दरवर्षी खरे रानहंस उतरतात. तेही सैबेरियातूनच येतात. मला त्यांचा राग यायचा. पाखरांना वाट सापडते आणि माणसाला सापडत नाही म्हणजे काय?

त्या सकाळी कुंचला चौथ्या पानावर आला आणि माझा हात थांबला. झोपलेल्या हंसाचं डोकं पंखाबाहेर होतं.

फार नाही, जरासंच. चोच आणि एक डोळा. डोळा म्हणजे शाईचा एक ठिपका. मी वाकून पाहिलं, लांबून पाहिलं. मग स्वतःलाच झापलं, "मित्सुए, रोज बघतेस म्हणजे नीट बघतेस असं थोडंच आहे?" पूर्वीपासून तसंच असेल. कागदाला ओल लागली की शाई थोडी फुलते, हे मी गिऱ्हाइकांना उठता बसता सांगते. तेवढ्यात भात उतू गेला आणि मी चुलीकडे पळाले.

२

सासूबाई रोज ह्यांचं ताट मांडायच्या. घरचं माणूस दूर गेलेलं असलं की त्याच्या जागेवर जेवण मांडायचं, म्हणजे तिकडे ते उपाशी राहत नाही. भाताच्या वाडग्यावर झाकण ठेवायचं आणि आपलं जेवण झालं की उचलून बघायचं. झाकणाला आतून दव धरलं असलं तर माणूस सुखरूप. आठ वर्षं सासूबाई झाकण उचलून माझ्याकडे बघायच्या आणि मान हलवायच्या. तेवढ्यावर आमचा दिवस जायचा.

त्या वर्षी पहिलं बर्फ पडलं आणि झाकण कोरडं निघायला लागलं.

"भात गार वाढता तुम्ही," मी म्हटलं. "गार भाताला कुठून येणार वाफ?"

"तुझ्यासमोर चुलीवरचा काढला ना गं?"

"मग झाकण बदला. त्याला चीर गेली असेल."

झाकण बदललं. तेही कोरडं. त्या दिवसापासून सासूबाईंचं जेवण अर्ध्यावर आलं.

अशात मला दिसलं की आमच्या पडद्याची खालची कड उंदरांनी कुरतडली आहे. दुरुस्त करायला हवी होती. खालची कड करायची म्हणजे पडदा उलटा उभा करावा लागतो, आणि उलटा पडदा ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. माणूस गेलं की आम्ही सगळं उलटं करतो. अंगावरचं पांघरूण उलटं, पाण्याचं विसावण उलटं, म्हणजे आधी गार आणि मग कढत, आणि उशाशी घडीचा पडदा उलटा. म्हणून कारागिराच्या घरी नियम असा, की कामासाठी पडदा उलटा केला तर त्यावर लगेच चादर टाकायची. उघडा उलटा पडदा कोणाच्या नजरेला पडता कामा नये.

दुसरा नियम, पडदा एकट्याने उलटवायचा नाही. मोठा पडदा एकट्याने कवेत घेतला की पानं लटपटतात आणि कागदी बिजागरी हमखास फाटते. एक माणूस या टोकाला आणि एक त्या टोकाला. हे मला नेहमी स्वयंपाकातून हाक मारायचे आणि मी ओल्या हातांनी धावायची. "उचला लवकर, माझा भात लागतोय," हे माझं ठरलेलं वाक्य. ह्यांना त्याचं इतकं हसू यायचं की पडदा हातात थरथरायचा आणि मामंजी दोघांनाही शिव्या घालायचे.

आता त्या टोकाला फुमिए वन्सं होत्या. ह्यांची धाकटी बहीण, गावातच दिलेली, हौसेने मदतीला यायची. आम्ही पडदा उलटा केला, मी चादर टाकली आणि खळ शिजवायला आत गेले.

खळ ढवळत असताना मला बाहेरून पुटपुटणं ऐकू आलं. येऊन पाहते तर चादर गायब. सासूबाई उलट्या पडद्यासमोर गुडघे टेकून बसलेल्या, हात जोडलेले आणि ओठांवर मेलेल्यांसाठी म्हणायचं नामस्मरण.

"कधी कळलं?" त्यांनी मागे न बघताच विचारलं. "मला आधी सांगायचं होतंस गं."

"काही कळलेलं नाही!" मी ओरडलेच. "खालची कड खाल्लीय उंदरांनी. वन्सं! चादर कुठाय?"

वन्सं परसातून आल्या, हातात मुळा. "ती होय? लोणच्याच्या पिंपावर घातली. बर्फ पडायला लागलं ना, वहिनी."

मी कपाळाला हात लावला. सासूबाईंना धरून उठवलं, कड दाखवली, उंदरांच्या लेंड्या दाखवल्या. त्यांना पटलं. तरी जाता जाता त्या दारात थांबल्या.

"मग तो एक माझ्याकडे का बघत होता?"

"कोण एक?"

"चौथ्या पानावरचा. सगळे उलटे लटकलेत, आणि तो मान वळवून बघतोय."

मी पडद्याकडे पाहिलं नाही. मला कामं होती. कड अर्धीमुर्धी सांधून आम्ही पडदा सरळ केला आणि होता तिथे ठेवला.

३

उलट्या पडद्यासमोर एकदा हात जोडले गेले की ते परत कसे घ्यायचे? सासूबाईंच्या मनाने धरलं ते धरलंच. चार दिवस गेले आणि त्यांनी आम्हा दोघींना शेगडीपाशी बसवलं.

"त्सुनेओचं कार्य करू या," त्या म्हणाल्या.

"मेल्याशिवाय?" माझ्या तोंडून गेलं.

"वहिनी!" वन्सं.

"वहिनी काय? कार्य करायला आधी माणूस मेलेलं लागतं. कुणी पाहिलंय त्यांना मेलेलं?"

"जिवंत तरी कुणी पाहिलंय?" वन्सं हळूच म्हणाल्या. वन्सं वाईट नाहीत. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. "किती वर्षं बसणार आहेस अशी? हात खळीत घालून? तुलाही काही आयुष्य आहे की नाही?"

"माझं आयुष्य माझ्याकडेच आहे. कुठे हरवलेलं नाही."

सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात हलका झाला होता, नुसता पापुद्रा. "मित्सुए, ऐक. जिवंत असेल तर ठीकच आहे. पण गेला असेल तर? मी मांडतेय ते जिवंताचं ताट. मेलेल्याला ते पोचत नाही. पहिल्या बर्फापासून झाकण कोरडं आहे. माझं पोर तिकडे उपाशी हिंडत असेल, आणि मी इथे दोन वेळा जेवतेय. मला एकदा त्याच्या नावाचा घास ठेवू दे. मी काही फार दिवसांची नाही."

माझी जीभ गल्लीत प्रसिद्ध आहे, पण मी हो म्हटलं. आणि हो म्हणताना मला जे वाटत होतं ते सरळ सांगते. मला वाटत होतं, ज्याचं ताट घरातून उठलं, त्याने कुणाकडे परत यायचं? आम्हीच दार लावून घेतोय आणि कडी मीच घालतेय.

बाजूच्या खोलीतून टण्ण आवाज झाला. पडद्यातून. तिघींनी मान वळवली.

"कागद ताणतोय," मी म्हटलं. "शेगडीची हवा कोरडी आहे." पडदा आतून पोकळ असतो, हवा कोरडी झाली की ढोलकीसारखा वाजतो. ही गोष्ट अगदी खरी आहे. पण त्यानंतर जो आवाज आला तो ताणणाऱ्या कागदाचा नव्हता. ओल्या चिखलातून कोणी पाय उपसावा तसा होता. वन्संनी शेगडीतले निखारे उगाच ढवळले.

४

कार्याच्या दिवशी सकाळपासून बर्फ थांबलं होतं आणि कागदी दारांतून पांढरा उजेड आत येत होता. आतल्या खोलीत मी ह्यांची गादी घातली, उशी उत्तरेला. गादीवर देह नाही, म्हणून ह्यांचा कामाचा निळा अंगरखा पसरला. छातीवर सुरी ठेवतात, तिथे ह्यांचीच कागद कापायची सुरी ठेवली. उशाशी भाताचा वाडगा, शिगोशीग, आणि त्यात सरळ खोचलेल्या जेवायच्या काड्या. मग वन्सं आणि मी पडदा आणला, उलटवला आणि उशामागे उभा केला.

उलटवताना मी मुद्दाम डोळे बिजागरीवर ठेवले.

"भिक्षुबुवा दुपारी यायचेत," वन्सं म्हणाल्या. "चल, भाज्या चिरायच्यात."

"तुम्ही व्हा पुढे. मी बसते जरा."

त्या गेल्या. स्वयंपाकघरातून सुऱ्यांचा आवाज, शेजारणींचं बोलणं, कुणाचं तरी दबलेलं हसू, सगळं ऐकू येत होतं. भरलेलं घर होतं, दिवसाउजेडी. मी गादीशेजारी बसून अंगरख्याची बाही नीट केली. थंडी फार होती. त्या खोलीत शेगडी ठेवत नाहीत.

आधी वास आला, दलदलीचा. चिखल, कुजका लव्हाळा आणि ओली पिसं. घरामागे दलदल आहे, वास येणारच, मी म्हटलं. पण दलदल तेव्हा गोठलेली होती. गोठलेल्या चिखलाला वास नसतो.

मग मी वर पाहिलं.

लव्हाळे वरून खाली लोंबत होते. हंस पाय वर करून लटकले होते, पहिल्या पानावरचे, दुसऱ्या, तिसऱ्या. चौथ्या पानावर एक हंस सरळ उभा होता.

मी डोळे चोळले नाहीत. मी कारागीर आहे, मी तपासलं. पान उलटं डकवलं गेलं असेल का? नाही. त्याच पानावरचा लव्हाळा उलटाच होता, मुळं वर, शेंडे खाली. चित्रकाराचा शिक्काही डोक्यावर पडलेला. सगळं पान उलटं होतं आणि त्यात तो एकटा, पाय खाली, मान वर. सगळं जग उलटं केलं तरी मी व्हायचा नाही, असा हटून. आणि डोळ्याचा ठिपका माझ्यावर.

टण्ण. कागद वाजला. ताणायला शेगडी नव्हती, तरी वाजला.

पडद्याचं एक टोक माझ्या बाजूला होतं. दुसरं टोक गादीपलीकडे, भिंतीजवळ. त्या टोकाच्या काळ्या चौकटीवर मागून बोटं आली.

स्वयंपाकघरात कुणीतरी मुळा किसत होतं, तो आवाज चालूच होता. बोटं निळसर होती, नखं काळी. चौकट त्यांनी आमच्या धंद्यात धरतात तशी धरली होती. अंगठा बाहेर, तळवा कडेला, चित्राला एक कणही स्पर्श नाही. अशी पकड शिकायला वर्षं लागतात. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की हा आमच्यातला आहे.

पण करंगळी नव्हती. नुसता खुंट. ह्यांचे हात मला पाठ आहेत, ह्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. म्हणजे ही बोटं ह्यांची नव्हेत. मग कोण? उत्तरेला उशी करून, उलटा पडदा लावून, भात मांडून आम्ही कोणाला आत बोलावलं होतं? सैबेरियात काय एकच माणूस मेला? पळ, असं माझं मन म्हणत होतं. पळ आणि बायकांना बोलाव.

बोटं थोडी हलली. टोक जरासं वर उचललं गेलं आणि पुन्हा खाली टेकलं. पुन्हा उचललं, पुन्हा टेकलं. जोर पुरत नव्हता. आणि मला कळलं की तो आत यायला बघत नाहीये. त्याला पडदा सरळ करायचाय. एकट्याने जमत नाहीये.

एकट्याला जमतच नाही ते.

मी उठले. माझ्या बाजूचं टोक धरलं, अंगठा बाहेर, तळवा कडेला. त्या बाजूला बघण्याची छाती झाली नाही, म्हणून डोळे गच्च मिटले. आणि दुसरं काही सुचलं नाही, म्हणून म्हणाले, "उचला लवकर, माझा भात लागतोय."

पलीकडून पानं मिटत माझ्याकडे यायला लागली. टप्प. टप्प. टप्प. एकेक पान, संथ, बिजागरीला झटका न देता. शेवटचं पान माझ्या हाताशी येऊन टेकलं तेव्हा माझ्या बोटांवर बर्फासारखी हवा आली. कुणीतरी श्वास सोडला होता. मग दुसऱ्या बाजूने वजन उचललं गेलं. किती वर्षांनी ते वजन तसं उचललं जात होतं, बरोबर माझ्या चालीनं! मी रडत होते. पडदा हवेत फिरला, जमिनीवर टेकला, आणि पानं पुन्हा एकेक करून उघडत माझ्यापासून लांब गेली.

"अहो," मी म्हटलं.

डोळे उघडले तेव्हा त्या टोकाला कोणी नव्हतं.

५

सगळ्यात आधी वन्संनी पाहिलं आणि हातातलं ताट सोडलं.

"वहिनी! हे काय केलंस? बुवा येतील आता! पडदा सरळ?"

"हो."

"एकटीने?" त्यांनी धावत जाऊन बिजागऱ्या पाहिल्या. वरून खाली, प्रत्येक सांधा बोटाने चाचपला. लहानपणापासून याच घरात वाढलेली मुलगी, तिला कागद कळतो. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "कुठेच नाही फाटलेली," त्या पुटपुटल्या. "वहिनी, दुसऱ्या टोकाला कोण होतं?"

शेजारणी दारात दाटल्या होत्या. सासूबाई त्यांच्यातून वाट काढत आल्या आणि पडद्यासमोर बसल्या. बराच वेळ चौथ्या पानाकडे बघत राहिल्या.

लव्हाळ्याच्या बुडाशी, जिथे झोपलेला हंस असायचा, तिथे कोरा कागद होता. खरवडलेला नाही, धुतलेला नाही, कोरा. मी नंतर बोट लावून पाहिलं, किंचित ओलसर होता. आणि त्याच पानाच्या वरच्या भागात, जिथे आजवर नुसतं रिकामं आभाळ होतं, तिथे एक हंस होता. पाय वर, डोकं खाली.

"हा उलटाच राहिला की, बाई," एक शेजारीण कुजबुजली.

"उलटा नाही तो," सासूबाई म्हणाल्या. "कधी दलदलीवर पाखरं बघितलीत का गं तुम्ही? हंस उतरताना असाच उतरतो. डोकं खाली घालून, थेट." त्यांचा आवाज फुटला. "हा उतरतोय."

मग त्या गुडघ्यांवर सरकत उशापाशी गेल्या आणि भाताच्या वाडग्यात खोचलेल्या काड्या त्यांनी उपटून काढल्या. शेजारणींनी श्वास रोखले. सासूबाईंनी तो वाडगा उचलून रिकामा केला, मडक्यातला ताजा भात त्यात घातला, झाकण ठेवलं आणि ह्यांच्या रोजच्या जागेवर ताट मांडलं. जिवंताचं.

भिक्षुबुवा आले तेव्हा कार्य मोडलेलं होतं. त्यांनी गादी पाहिली, पडदा पाहिला, आमची तोंडं पाहिली. फार वर्षं गावातली मयतं केलेला माणूस. "मग चहा तरी द्या," म्हणाले. "एवढ्या बर्फातून आलोय." चहा पिऊन, मुळ्याचं लोणचं बांधून घेऊन गेले.

संध्याकाळी सासूबाईंनी झाकण उचललं. आतून पाण्याचे थेंब ओघळून त्यांच्या मनगटावर आले.

"ताजा भात होता," मी म्हटलं. मी अशीच आहे.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या आणि त्या दिवशी पोटभर जेवल्या.

६

हंस परत उत्तरेला जायच्या बेतात असताना रेडिओवर कैदेतून सुटून येणाऱ्यांची नावं सांगितली. माइझुरू बंदरात बोट लागणार होती. ह्यांचं नाव वाचणाऱ्याने चुकीचं वाचलं, पण गाव आमचंच होतं.

हे आले ते दुपारी. दारात एक म्हातारा उभा होता, डोक्यावर विटकी टोपी, आणि मी त्याला म्हणणार होते की दुकान आज बंद आहे. त्याने दाराची चौकट धरली. अंगठा बाहेर, तळवा कडेला. करंगळीच्या जागी खुंट.

मी ओरडले नाही की रडले नाही. मला तो हात ओळखीचा होता. मीच त्यांना धरून आत आणलं.

सासूबाईंनी "आलास?" एवढंच विचारलं, जणू पोरगा नाक्यावरून आलाय. मग भात वाढायला गेल्या आणि स्वयंपाकघरात भांड्यांचा एवढा आवाज केला की त्यांचं रडणं आम्हाला ऐकू येऊ नये.

तिकडचं हे फारसं सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. एकदाच, पडद्यासमोर बसलेले असताना आपणहून बोलले. चौथ्या पानाकडे बघत.

"तापात होतो. थंडीनं बोट गेलं होतं. एका सकाळी मला बाहेरच्या कोठीत नेऊन ठेवलं. तिथे बाकीचे होते. जे उठणार नव्हते ते."

"मग?"

"मग काय. मलाही तसं वाटत होतं, झोपावं. छान झोप येत होती." ते हसले, जुनं हसू, तोंडात दात कमी. "तेवढ्यात कुणीतरी करवादलं, भात लागतोय म्हणून. अगं, उपाशी माणूस. उठणारच की."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, उतरणाऱ्या हंसाकडे बघत होते, आणि खुंट झालेली करंगळी चोळत होते. मी काही सांगितलं नाही. सांगून त्यात भर काय पडणार होती? आत चुलीवर खरंच भात होता, त्याचा वास यायला लागला होता.

पुढे तीन वर्षांनी सासूबाई गेल्या, झोपेत, सुखाने. तेव्हा उशाशी उलटा करायला आम्ही वन्संकडचा पडदा मागून आणला. आमचा हंसांचा पडदा त्यानंतर आम्ही कधीच उलटवला नाही. त्यामुळे त्याची खालची कड अजून अर्धवटच आहे. उंदरांनी खाल्लेली. गिऱ्हाइकं बघतात आणि हसतात. म्हणतात, कारागिराच्या घरचा पडदा आणि हे असं?

"वेळ कुठे मिळतो," हे त्यांना सांगतात.

मी सकाळी भात चढवते आणि उकळी येईपर्यंत कुंचला फिरवते, वरून खाली, दाब न देता. चौथ्या पानावर उतरणाऱ्या हंसाखाली, लव्हाळ्याच्या बुडाशी जागा अजून रिकामी आहे. तिथलीही धूळ मी झटकते. त्याला टेकायला जागा स्वच्छ असलेली बरी.